मंचु

आमच्या गावात उतार असा एकच होता :
अक्कलकोट रोडच्या बर्फ कारखान्यातली लाकडी घसरण.
नाना तिथे आकडा मारून लाद्या सोडायचे.
खाली भुसा, गोणपाट,
आणि मे महिन्यातला हॉर्न वाजवणारा टेम्पोवाला.
शाळा सुटली की अक्का तिथे जाऊन बसायची,
अमोनियाच्या वासात, पाय वर घेऊन.
नाना म्हणायचे, लादीला ढकलायचं नसतं गं,
नुसती वाट दाखवायची. मग बाजूला व्हायचं.

हे मी आत्ता जुळवतोय.
तेव्हा ती फक्त
माझ्या वाटणीचा चुरा खाणारी बहीण होती.

सतराव्या वर्षी एनसीसीतून औलीला गेली,
माझा स्वेटर घालून, कोपरावर भोक असलेला.
पाचव्या दिवशी कोपऱ्यावरच्या एसटीडीत फोन :
इथे जमीनच लादीची आहे रे!
आईने विड्या वळता वळता विचारलं, काय म्हणते?
मी म्हटलं, मंचु आहे म्हणते, सगळीकडे मंचु.
आईला ऐकू आलं, मंचि.
बरं आहे ना, मग झालं, म्हणाली, आणि दोरा गुंडाळला.
आमच्या तेलुगूत बर्फ आणि बरं
यांच्यात एका उकाराचं अंतर.

पुढे तिचं सगळं असल्याच अंतरांवर चाललं.
लाल काठी, निळी काठी,
सेकंदाचे शंभर तुकडे आणि त्यातले तीन कमी पडणं.
स्की दुसऱ्या कुणाच्या उंचीच्या, जुन्या,
मोराच्या सोलापुरी चादरीत गुंडाळलेल्या.
चादरीच्याच पोटात कडक भाकरी, शेंगाचटणीचा डबा.
विमानतळावर विचारलं, हत्यार आहे का?
म्हणाली, भाकरी आहे.

चार वेळा देशात पहिली आली.
पेपरात आलं : भूदेवी म्याकल, स्केटिंगपटू.
नाना सायकलवरून तक्रार करायला गेले.
दुसऱ्या दिवशी दुरुस्ती : स्किपिंगपटू.
सत्काराला शाल, नारळ, एक टर्किश टॉवेल.
टॉवेल माझ्याच मागावरचा होता,
काठाची चूक मी लांबून ओळखली.
पाहुणे म्हणाले, पाण्यावरच्या या खेळात...
कुणीतरी कानाशी लागलं.
तेच ते, म्हणाले, गोठलेल्या पाण्यावरच्या.

इराणात दुसऱ्या फेरीत, अकराव्या काठीला,
गुडघ्यातून आवाज आला.
कसा, मी विचारलं.
कडक भाकरी मोडते तसा.
आणि वेड्यासारखी भूकच लागली रे मला, म्हणाली, पडल्या पडल्या.

दोन ऑपरेशनं. नाना त्या दोन्हींच्या मधे गेले.
कारखाना आधीच बंद पडला होता.
आता ती साखर पेठेतल्या शाळेत पीटी घेते,
चौरेचाळीस डिग्रीत, टोपी न घालता.
स्की माळ्यावर. चादर मी वापरतो.

सोळा जानेवाऱ्या तिने गड्डा पाहिला नव्हता.
या वर्षी आम्ही तिघं गेलो.
पाळण्यांच्या मागे एक तंबू, काश्मीर दर्शन,
तिकीट तीस रुपये :
थर्माकोलचा डोंगर, प्लॅस्टिकची घसरगुंडी, पंख्याने उडणारा भुगा.
मला वाटलं, हसेल. ती रांगेत उभी राहिली.

वर एक पोरगी अडकली होती, रडत,
आणि खालून सगळे ओरडत होते, ढकल, ढकल तिला!
अक्का शिडीने चढली, एक पाय ताठ ठेवून.
शेजारी बसली. काहीतरी बोलली.
भोंग्यात मला ऐकू आलं नाही.
मग बाजूला सरकली.

पोरगी सुटली ती ओरडतच,
थेट बापाच्या पोटात.

अक्का मात्र शिडीनेच उतरली.
पायरी, थांबणं, पायरी.
घरी आल्यावर आईने तिच्या वेणीतले पांढरे मणी वेचले,
विड्या मोजते तसे, पाच पाच करून.
सत्तावीस, म्हणाली.
आणि मुठीत धरून बसली,
विरघळतील म्हणून की काय, कोण जाणे.